हात आधी जातो

भाऊ किराणा दुकानात शिरले की काही विकत घेत नसत. इंदिरानगरात आमच्या सोसायटीजवळ एक मोठं दुकान आहे, टोपली घेऊन आपला माल आपणच उचलायचा, असं. तिथे ते रिकामी टोपली हातात धरून साबण-फिनेलच्या रॅकसमोर उभे राहत. तासभरसुद्धा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि नजर बायकांच्या हातांवर. एकदा नव्या वॉचमनने त्यांना हटकलं. म्हणाला, काका, बायकांकडे काय बघत उभे राहता? भाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "बायकांकडे नाही रे बाबा. हातांकडे." त्यामुळे प्रकरण आणखीच चिघळलं. शेवटी मला फोन आला आणि मी जाऊन सांगितलं की हे आमचे मालक आहेत, फरशी पुसायचं लिक्विड बनवतात, आणि त्यांचा बाकी कुणाला त्रास नाही.

त्यांच्या सातपूरच्या गाळ्यात मी चौदा वर्षं हिशेब बघितले. त्यांची आठवण आली की आधी हसू येतं आणि त्याच्या मागोमाग भीती. हसण्यासारख्या गोष्टी आधी सांगते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ताई, हात आधी जातो. डोकं मागून येतं, आणि हाताने जे केलं त्याची कारणं देत बसतं." हे पटवून द्यायला त्यांनी ऑफिसात दुकानासारखी रॅक बसवून घेतली होती. तीवर आमच्या बाटल्या, समोरच्यांच्या, मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या. आल्यागेल्याला ते तिच्यासमोर उभं करत आणि अचानक म्हणत, उचला एक. कुरिअरवाला, बँकेतला माणूस, वीजमीटर बघायला आलेला, कुणी सुटत नसे. उचललेली बाटली ते काढून घेत आणि विचारत, हीच का? माणूस काहीतरी कारण सांगे. भाऊ खूश होऊन माझ्याकडे बघत. बघा, डोकं आलं मागून.

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचा गाळा. त्या कंपनीचं नाव भाऊंनी माझ्यासमोर कधी उच्चारलं नाही. तेही आमच्यासारखंच लिक्विड बनवत. आमच्यासारखंच म्हणजे शब्दशः. कच्च्या मालाचा टँकर एकच यायचा, अर्धा आमच्याकडे रिकामा व्हायचा आणि वळण घेऊन उरलेला त्यांच्याकडे. बाटल्या बनवणारा एकच, अंबडचा. मी खर्चाची फोड करायचे तेव्हा दिसायचं की बाटली, झाकण आणि लेबल यांना मिळून आतल्या मालापेक्षा जास्त पैसे लागतात. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा माझीच काहीतरी चूक झाली असं वाटून मी बेरीज पुन्हा केली. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, चूक नाही ताई, हाच धंदा आहे. माल सगळ्यांचा सारखाच. आपण विकतो तो फरक.

तो फरक केवढा असावा, यावर त्यांचा सगळा जीव होता. सातपूरच्या नाक्यावर मिसळीची दोन दुकानं शेजारी शेजारी होती, एकाचा रस्सा काळ्या मसाल्याचा, दुसऱ्याचा लाल. भाऊ त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्या दोघांनी उद्या एकच रस्सा केला ना, तर परवापासून दोघंही पाव फुकट वाटतील आणि तेरवा दोघंही शटर ओढतील." मग आवाज खाली आणून पुढचं सांगत. "पण फार लांबही जायचं नाही. तिसऱ्याने हिरवी मिसळ काढली होती. कुठंय तो?"

समोरच्यासारखं झालो तर भाव पडतो, फार वेगळं झालो तर गिऱ्हाईक बिचकतं. या दोन भीतींच्या मधल्या पट्टीत ते राहत होते. मला ते सतत घाबरलेलेच आठवतात. ऑफिसच्या रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदा होता. फोनवर बोलताना ते तोंडावर हात धरत, जणू समोरचे ओठ वाचतील. आमच्या फाटक्या लेबलांच्या पिशव्या भंगारात द्यायची बंदी होती, पण स्वतः ते दर पंधरवड्याला भंगारवाल्याकडे जाऊन समोरच्यांचे फाटके खोके चाळत. तो भंगारवाला एकदा मला म्हणाला, "तुमचे मालक लय चांगले, पण त्यांना म्हणावं, समोरचे पण येऊन तुमचंच विचारत्यात. एकदा दोघं मिळून चहाला बसा ना." हे मी भाऊंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना झोप लागली नसती.

आमचा फरक होता वास. सगळ्यांचं लिक्विड गुलाबाच्या नाहीतर पाइनच्या वासाचं असताना भाऊंनी गवती चहाचा वास आणला होता. ते डोळे मिटून झाकण नाकाजवळ धरत आणि तेल कुठल्या व्यापाऱ्याचं, नवं की जुनं, हे सांगत. ते कधी चुकले नाहीत. बायका दुकानात मागायच्या, ते चहाच्या वासाचं द्या. नाव कुणाला आठवत नसे, वास आठवे. सहा वर्षं आम्ही त्या वासावर जगलो.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भाऊ आजारी पडले. पंधरा दिवस दवाखान्यात राहून परत आले, वाळलेले पण तसेच. झाकण नाकाजवळ धरणं चालूच होतं. फक्त आता ते झाकण जास्त वेळ धरत, आणि मग आम्हाला विचारत, तुम्हाला काय वाटतं? पूर्वी त्यांनी असं कधी कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटलं, आजारपणाने माणूस नरम होतो.

एका सकाळी मी ऑफिसचा जिना चढत होते. अर्ध्या जिन्यातच गॅसचा वास आला. वर आमची चहाची छोटी खोली होती आणि तिला लागूनच भाऊंचं टेबल, त्यामागे देवाचा फोटो. भाऊ सकाळी लवकर येऊन स्वतःपुरता चहा करत. मी वर पोचले तर खोली वासाने गच्च भरलेली, डोळे झोंबत होते, आणि भाऊ फोटोसमोर उभे होते. डाव्या हातात उदबत्ती, उजव्या हातात काड्यापेटी. पेटी अर्धी उघडलेली.

मला ओरडता आलं नाही. मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. कुणा परपुरुषाचं मनगट मी असं आयुष्यात धरलेलं नाही. ते दचकून म्हणाले, ताई? मी काड्यापेटी काढून घेतली, आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, तो जाड पडदासुद्धा ओढून काढला. दिव्याच्या बटणाला हात लावू नका एवढंच कसंबसं बोलले. मग आम्ही दोघं खाली रस्त्यावर येऊन उभे राहिलो.

भाऊंनी खिशातली पेनं सरळ केली. मग म्हणाले, "दवाखान्यातून आलो तेव्हापासून गेलंय. काहीच येत नाही. दूध करपलं तर धूर दिसतो तेव्हा कळतं." कुणाला सांगू नका म्हणाले. समोरच्यांना कळलं तर संपलो. आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गॅसला स्वतःचा वास नसतो, ठाऊक आहे ना? माणसाला धोका कळावा म्हणून मुद्दाम मिसळतात. तो मिसळलेलासुद्धा मला पोचत नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. ऑफिसात विजेची शेगडी आणवली.

त्यानंतरच्या दिवाळीत समोरच्यांनी गवती चहाचा वास आणला. पहिली बाटली भाऊंनी टेबलावर ठेवली आणि मला वास घ्यायला सांगितलं. मी घेतला. सारखा आहे का, त्यांनी विचारलं. सारखाच होता. मी तसं सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना.

मग त्यांनी मिसळीच्या दुकानांबद्दल जे सांगितलं होतं ते आमच्या दारात सुरू झालं. समोरच्यांनी भाव उतरवला, आम्ही उतरवला. त्यांनी बाटलीबरोबर फडकं फुकट दिलं, आम्ही घासणी दिली. फेब्रुवारीपर्यंत मी महिन्याचा ताळा घेताना कागद पालथा ठेवायला लागले होते. गाळ्यात बाटल्या भरणाऱ्या अठरा बायका होत्या. त्यांचे पगार आधी एक आठवडा लांबले, मग दोन.

वास गेला म्हणून भाऊंनी डोळ्यांचा आधार घेतला. हे मला आता कळतं. त्यांनी रॅकवरच्या सगळ्या बाटल्यांची लेबलं पाण्यात भिजवून काढली आणि नुसते रंग मांडले. लोकांना पुन्हा उभं करायला लागले, उचला एक. हिरवी, निळी, गुलाबी, पिवळी. मग एक दिवस त्यांनी त्या रांगेत बाजारातून आणलेली संत्र्याच्या सरबताची बाटली ठेवली, तीही लेबल काढून. त्या दिवशी जो आला त्याचा हात तिच्यावर गेला.

दोन महिन्यांत आमचं नवं लिक्विड तयार झालं. पारदर्शक बाटली, मधे बारीक कंबर, आणि आत केशरी, उन्हात धरली तर पेटल्यासारखी दिसणारी. वास तोच जुना. मला दाखवली तेव्हा मी सरळ म्हटलं, "भाऊ, हे सरबत वाटतं."

"तेच तर."

"कुणी प्यायलं तर?"

"वास आहे ना. तोंडाशी नेलं की वास सांगेल."

हे वाक्य त्यांनी म्हणावं, याने मला सर्रकन काटा आला. त्यांनी नजर वळवली. मी झाकण बदला म्हटलं, मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं असतं तसं. त्यांनी ते झाकण किती महाग पडतं ते सांगितलं, आणि तो आकडा मला आधीच ठाऊक होता. 'पिऊ नये' ही लेबलावरची ओळ मोठी करा म्हटलं. ती त्यांनी थोडी मोठी केली.

भरणाऱ्या बायकांत पेठकडची एक होती, कामाला चपळ आणि बोलायला त्याहून. पहिल्या दिवशी बाटल्यांची रांग पुढे सरकताना बघून ती म्हणाली, "ताई, हे बघून लय तहान लागते हो." भाऊ मागेच उभे होते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे मागवले आणि सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

माल उठला. दुकानदार आगाऊ पैसे पाठवायला लागले, पगार वेळेवर झाले, आणि मी ताळ्याचा कागद पुन्हा सुलटा ठेवला. पण घरी मी आमचीच बाटली काळ्या पिशवीत गुंडाळून बाथरूमच्या वरच्या कप्प्यात ठेवत होते. आमचे हे म्हणाले, मालकाचा माल विकायला लोकांना दाखवतात, तू लपवतेस. फोन वाजला की मला वाटे, झालं. कुठेतरी कुणीतरी प्यायलं. प्रत्येक फोन उचलताना हेच. मी भाऊंना दोनदा पुन्हा बोलले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "ताई, मला भीती वाटत नाही असं समजू नका. पण मला समोरच्यांची जास्त वाटते."

मे महिन्यातली दुपार. भाऊंचा गुडघा धरला होता म्हणून ते दोन दिवस घरीच होते. सह्या हव्या होत्या. त्यांचा फ्लॅट आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी चालतच गेले. ऊन इतकं की डांबर चपलेला चिकटत होतं.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. भाऊ एकटेच राहत, पण आल्यागेल्याला काही दिल्याशिवाय सोडत नसत. मी फाइल उघडली तर ते म्हणाले, सह्या होतील, उन्हातून आलात, आधी घसा ओला करा. आणि लंगडत आत गेले. स्वयंपाकघराचा ओटा बाहेरून दिसत होता. त्यावर बाटल्यांची रांग होती, सगळ्या विनालेबलच्या. ऑफिसातला प्रयोग त्यांनी घरीही मांडला होता. आमच्या केशरीच्या तीन छटा, आणि त्यांच्या जोडीला सरबताच्या दोन बाटल्या. रंग अजून कुठवर नेता येतो ते बघायला.

ते ट्रे घेऊन आले. दोन ग्लास, वर बर्फ. ग्लास माझ्या हातात देत म्हणाले, "फेस जरा जास्त आलाय. जोरात ढवळलं बहुतेक."

मी ग्लास उचलला. गवती चहाचा वास आला. पण तो वास मला इतकी वर्षं येत होता, माझ्या पदराला, केसांना, पर्सला. मला वाटलं माझ्याच साडीचा येतोय. ग्लास ओठांपर्यंत आला होता. मग माझी नजर फेसावर गेली. सरबताचा फेस असा राहत नाही, बघता बघता फुटून जातो. हा बर्फाला धरून तसाच होता, दाट, बारीक बुडबुड्यांचा. बादलीत असतो तसा.

समोर भाऊंनी ग्लास तोंडाला लावला होता.

मी हाताने तो उडवला. ग्लास भिंतीवर जाऊन फुटला. भाऊ माझ्याकडे बघतच राहिले, जणू मला वेड लागलंय.

"भाऊ, हे आपलं आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते गुडघा सावरत खाली वाकले, फरशीवरच्या ओघळाला बोट लावलं आणि अंगठ्यावर चोळलं. बुळबुळीत लागलं असणार. त्यांनी बोट सवयीने नाकाकडे नेलं आणि मधेच थांबवलं. मी विचारलं, प्यालात का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला बरं वाटलं, क्षणभरच. कारण त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"वर दिलाय," ते म्हणाले.

"काय?"

"एक ग्लास. आजींना. तुम्ही यायच्या आधी."

वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहत, मूळच्या सटाण्याकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. वहिनी होत्या तेव्हापासून भाऊ उन्हाळ्यात त्यांना सरबत नेऊन देत. मला हे ठाऊक होतं. त्या दुपारी मला ते आठवलं नव्हतं.

गुडघा धरलेला तो माणूस माझ्या पुढे जिना चढला. आजींचं आतलं दार उघडं होतं, बाहेरच्या जाळीच्या दाराला कडी. आत टीव्हीवर कीर्तन चाललेलं, मोठ्या आवाजात. जाळीतून जेवणाचं टेबल दिसत होतं. टेबलावर ग्लास होता. रिकामा. तळाशी केशरी कडं.

मी बेल दाबली, दाबूनच धरली. कुणी आलं नाही. भाऊ दोन्ही हातांनी जाळी हलवत होते. मी फोन काढला, ॲम्ब्युलन्सचा नंबर मला पाठ आहे, तरी दोनदा चुकीचा दाबला. टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते.

मग आतून पाण्याचा आवाज थांबला, दार वाजलं, आणि आजी ओल्या पायांनी बाहेर आल्या. आम्हाला बघून घाबरल्या. कडी काढत विचारलं, काय झालं, कोण गेलं?

भाऊंना एकच शब्द बोलता आला. "सरबत."

आजींनी पदराला हात पुसले. "हो, प्याले ना," त्या म्हणाल्या. "फार छान झालं होतं."

भाऊ दाराच्या उंबऱ्यावर खाली बसले. मी आजींचे दोन्ही खांदे धरले. त्यांचा श्वास, ओठ, डोळे, सगळं मी बघत होते. तोंडाला गवती चहाचा वास नव्हता. मी म्हटलं, "आजी, ते सरबत नव्हतं, विष होतं. खरं सांगा. प्यालात का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बसलेल्या भाऊंकडे. आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. घाबरल्या की त्या अहिराणीवर जात. "माले साखर शे, भाऊ," त्या म्हणाल्या. "कितला वरीस व्हयनात." मग सावरून म्हणाल्या, "तुम्ही इतक्या मायेनं आणता. नाही कसं म्हणू? मी ते कढीपत्त्याला घालते. दर वेळी."

गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी होती. मातीवर पांढरा फेस अजून बसलेला होता.

खाली येऊन मी ओट्यावरच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, सरबताच्यासुद्धा. भाऊ खुर्चीत बसून होते. सह्या राहूनच गेल्या.

पुढचे काही दिवस ते रोज वर जाऊन कुंडी बघत. आजींनी मुळाशी पाणी ओतून ओतून माती धुतली होती, पण पानं पिवळी पडली, मग गळाली. आजी म्हणायच्या, झाड काय, दुसरं लावू. भाऊंनी ती कुंडी मागून घेतली आणि ऑफिसच्या रॅकवर बाटल्यांच्या रांगेत ठेवली, वाळक्या काड्यांसकट. नंतर आलेल्या कुणाला ते उचला एक असं म्हणाले नाहीत.

केशरी माल त्यांनी बंद केला. दुकानांतून परत मागवला. दुकानदार चिडले, चालता माल कोण बंद करतो? त्याजागी पांढरी, आरपार न दिसणारी बाटली आणली, आणि आतल्या द्रवात एक असं औषध घातलं की थेंब जिभेला लागला तरी थुंकत राहावं. त्याची चाचणी त्यांनी स्वतःवर केली. तासभर चुळा भरत होते आणि मधे मधे हसत होते. गॅसच्या त्या सकाळनंतर मी त्यांना हसताना फार कमी पाहिलं होतं. म्हणाले, "कडू मला लागतं, ताई. ह्याला नाक लागत नाही."

तो फरक विकला गेला नाही. लेबलावर 'कडू' लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकतं, असं दुकानदारांनी कळवलं. भाऊंनी ते काढलं नाही. म्हणाले, हा फरक रॅकवर दिसत नाही. जेव्हा दिसेल तो दिवस कुणाच्या घरी येऊ नये.

आणि आम्ही सोडलेली जागा एका हंगामात भरली. पारदर्शक बाटली, बारीक कंबर, केशरी रंग. समोरच्यांची. भाऊ एकदा पलीकडे गेले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. काय बोलले ते सांगितलं नाही. परत आले आणि खिडकीला पुन्हा पडदा लावून घेतला. नंतर आमचा गाळा हॉटेलांना आणि दवाखान्यांना मोठे कॅन पुरवायला लागला, निम्म्या बायका राहिल्या, आणि हिशेबाला पूर्ण वेळ माणूस लागेना. मी निघाले. भाऊंनी निरोपाला मला काड्यापेट्यांचं एक अख्खं पाकीट दिलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते मला इंदिरानगरच्या त्याच दुकानात भेटले. बारीक झाले होते. त्याच रॅकसमोर उभे. पण त्यांच्या टोपलीत माल होता. मी त्यांची भरलेली टोपली पहिल्यांदाच बघत होते. समोरच्यांच्या केशरी बाटल्या, रॅकवर होत्या तेवढ्या सगळ्या.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "जरा वास घेऊन सांगा."

मी झाकण उघडून वास घेतला. पुन्हा घेतला.

"संत्र्याचा आहे, भाऊ. वासही संत्र्याचाच केलाय."

त्यांनी झाकण घट्ट लावलं. "वाटलंच. मी तिथे असतो तर मीही हेच केलं असतं."

दर आठवड्याला येतो, सगळ्या घेतो, घरी नेऊन मोरीत ओततो, असं त्यांनी सांगितलं. ते मागच्या काउंटरला पैसे देऊन मागच्याच दाराने निघाले. मी माझं सामान घेऊन काउंटरला आले. दुकानाचे मालक मला ओळखतात. बिल करता करता म्हणाले, "तुमचे ते जुने साहेब हल्ली चक्क खरेदी करतात. आणि तो केशरी माल तर आमच्याकडे फारच उठतो. कंपनीवाले म्हणाले, अख्ख्या नाशकात तुमच्याकडे जास्त. दुप्पट पाठवतात आता." त्यांनी बोट दाखवलं. कामावरची मुलगी खोका फोडून नव्या बाटल्या लावत होती. साबणाच्या रॅकला नाही. पुढच्या बाजूला, नजरेच्या उंचीवर. खालच्या कप्प्यात सरबतं होती.

हिशेब करायला मला वेळ लागला नाही. मी सामान तिथेच टाकून बाहेर पळाले. भाऊ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सिग्नलपाशी उभे होते. मी गाठून त्यांना सांगितलं. तुम्ही घेता म्हणून ते जास्त मागवतात. पुढे आणून मांडलंय.

भाऊंनी दुकानाकडे बघितलं. मग हातांकडे. पिशव्या त्यांनी हळूच फुटपाथवर टेकवल्या, पण हात सोडले नाहीत.

"माझाही हातच आधी गेला, ताई," ते म्हणाले.

ऊन टळटळीत होतं. पिशव्यांच्या पातळ प्लास्टिकमधून केशरी उजेड त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडला होता. आमच्या शेजारी सिग्नलला थांबलेली एक बाई पिशव्यांकडे बघत होती. माझा घसा पार कोरडा पडला होता, आणि माझीही नजर तिथून हलत नव्हती.